उन्हाळ्यात निजणारी फुले

टेंभुर्णी हे मुळात एका झाडाचे नाव आहे. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात आणि ज्याची पिवळी गोड फळे गुराखी मुले उन्हाळ्यात शोधीत हिंडतात, ते हे झाड. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील ह्या गावाला नाव लाभले ते झाडाचे. परंतु त्याची ओळख झाली ती रस्त्यांमुळे. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग गावाला लागून जातो, आणि पंढरपूर, अकलूज, करमाळा व कुर्डुवाडी ह्या चारी बाजूंच्या वाटा येथे येऊन मिळतात. गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्यांची रीघ लागते. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरलेली वाहने जातात. येथे उतरणारा प्रवासी बहुधा दुसरी गाडी धरण्यासाठी उतरतो. तेवढ्या अवकाशात त्याच्या दृष्टीस पडते ती धूळ, चहाच्या टपऱ्या आणि एकावर एक लावलेले फलक. अशा गावाच्या वेशीवर डोळ्यांस विसावा मिळेल असे काही असावे ही इच्छा अगदी साधी आहे. ती सरकारने पुरी करावयाची की गावकऱ्यांनी, हा प्रश्न मात्र तितका साधा नाही.

दुसऱ्या देशांतील काही गावांनी त्याचे उत्तर कुदळ हाती घेऊन दिलेले आहे. रॉय हे नावाचे इंग्रज उद्यानविद्यावेत्ते फ्रान्समध्ये सुटीवर गेले असता तेथील फुलांनी नटलेली खेडी पाहून परतले आणि आपल्या देशातही असे का होऊ नये, असे त्यांना वाटले. त्यातून १९६४ पासून ‘ब्रिटन इन ब्लूम’ ही गावागावांतील स्पर्धा सुरू झाली. वॉशिंग्टन शहरात अध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन ह्यांनी १९६५ साली राजधानी सुशोभित करण्यासाठी एक समिती उभी केली, आणि पोटोमॅक नदीतील एका बेटावर डॅफोडिलचे दहा लाख कंद लावले गेले. न्यूयॉर्कची हकीगत अधिक हृद्य आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या संहारानंतर हॉलंडमधील हॅन्स व्हान वार्डेनबर्ग ह्या कंद-व्यापाऱ्याने त्या शहराला डॅफोडिलचे कंद भेट म्हणून पाठविले. शहरातील हजारो स्त्रीपुरुषांनी आणि शाळकरी मुलांनी ते बागांतून व रस्त्यांच्या कडेने स्वतःच्या हातांनी पुरले. पुढच्या वसंतात त्या जागी पिवळी फुले डोलू लागली. ज्यांची माणसे गेली होती त्यांना बोलून दाखविण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. परंतु गुडघे टेकून मातीत खड्डा करणे एवढे त्यांना करता आले. २००७ साली डॅफोडिल हे त्या शहराचे अधिकृत फूल ठरले.

ह्या सर्व उद्योगांत कंदच का निवडला गेला? रोपाला रोज पाणी हवे, कुंपण हवे, माळी हवा. कंदाचे तसे नाही. तो शरद ऋतूत जमिनीत पुरावा आणि विसरून जावे. वर बर्फ पडते, जमीन गोठते, आणि आत कंद स्वस्थ निजलेला असतो. आठवड्यातून एका सुटीच्या दिवशी उत्साहाने जमणाऱ्या आणि मग आपापल्या कामाला निघून जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या स्वभावाला इतकी जुळणारी वनस्पती दुसरी नाही.

परंतु तेच ट्यूलिप आणि डॅफोडिल टेंभुर्णीस आणून लावले तर काय होईल? ह्याचे उत्तर माढा तालुक्यातील कोणीही कांद्याचा बागायतदार देऊ शकेल, मग त्याने ट्यूलिपचे फूल जन्मात पाहिलेले नसो. रब्बीच्या कांद्याला मध्येच कडाक्याची थंडी लागली म्हणजे त्याला डेंगळे येतात, हे तो जाणतो. पोसणारा कांदा एकाएकी फुलाचा दांडा वर काढतो आणि बाजाराच्या दृष्टीने वाया जातो. थंडी हा कांद्याला मिळालेला इशारा असतो. ट्यूलिपचेही काहीसे असेच आहे; फरक एवढाच की त्याची थंडीची भूक फार मोठी. बारा ते सोळा आठवडे सतत गारवा मिळाला तरच त्याचा दांडा नीट वर येतो. तो न मिळाल्यास फूल पानांच्या बेचक्यातच गुदमरून जाते. सोलापूर जिल्ह्यात पौषातही दुपारी डोक्याला रुमाल बांधावा लागतो. तेथे हा गारवा कोठून आणावयाचा?

भारतात ट्यूलिप खऱ्या अर्थाने रुजला तो काश्मिरात. श्रीनगरला झबरवान पर्वताच्या पायथ्याशी २००७ साली त्याची मोठी बाग खुली झाली. तेथे हिमाळा आहे, म्हणून ती बाग आहे. दिल्लीतही अलीकडे रस्त्यांच्या चौकांतून ट्यूलिप दिसतात. परंतु ते मुख्यतः हॉलंडमधून थंडी देऊन आणलेले कंद असतात. काही आठवडे फुलतात आणि संपतात. पुढल्या वर्षी पुन्हा नवे मागवावे लागतात. राजधानीला तो खर्च झेपेल. एखाद्या गावाने त्यापायी वर्गणी जमविणे म्हणजे लग्नाच्या मांडवातील कागदी फुलांवर कर्ज काढण्यासारखे होय.

लेडी बर्ड जॉन्सन ह्यांच्या चरित्रातील पुढचा भाग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. राजधानीत लक्षावधी परदेशी कंद लावविणाऱ्या ह्या बाईंनी १९८२ साली आपल्या टेक्सस प्रांतात एक संस्था स्थापन केली. ती त्या मातीतल्या रानफुलांचा अभ्यास करण्यासाठी आणि त्यांचा प्रसार करण्यासाठी. टेक्सस हा बराचसा कोरडा, तापणारा मुलूख. तेथे जे आपोआप येते तेच रस्त्याच्या कडेला का येऊ देऊ नये, असा तो विचार होता. अवर्षणग्रस्त प्रदेशाला वॉशिंग्टनच्या बेटापेक्षा टेक्ससचे हे उदाहरण अधिक उपयोगी आहे.

मूळ चूक ‘वसंत’ ह्या शब्दात आहे. युरोपात वसंत म्हणजे भूमीचे जागणे. इकडे चैत्रात जागतात ती झाडे. पळस पेटतो, पांगारा फुलतो, कडुनिंबाला मोहोर येतो. ह्या वृक्षांची मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात. जमिनीचा वरचा थर मात्र त्याच दिवसांत मेल्यासारखा पडलेला असतो. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा भाद्रपद-आश्विनात पडणारा. अशा मुलखात भूमीचा वसंत चैत्रात येत नाही, तो वळिवाबरोबर येतो. युरोपातील कंद हिवाळ्यात निजतो. येथे निजावयाचे ते उन्हाळ्यात. आणि असे निजणारे कंद ह्या प्रदेशात नाहीत असे मुळीच नाही.

भुईचाफा पाहावा. उन्हाने सगळे होरपळत असता, एकही पान अंगावर नसताना, तो जमिनीतून थेट फूल वर काढतो. पांढऱ्या पाकळ्या, त्यांत जांभळी झाक, आणि सुवास असा की पाहणारा वाकल्यावाचून राहत नाही. त्याला थोडी सावली हवी. देवळाच्या मागे, भिंतीच्या पूर्वेला त्याचे चांगले चालते. वैशाखात ज्याचा तांबडाभडक गेंद फुटतो त्याला लोक सरळ ‘मे फ्लॉवर’ म्हणतात. त्याचे मूळ घर आफ्रिका. परंतु महाराष्ट्रातील अंगणांत तो इतका रुळला आहे की त्याला परका म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पहिला पाऊस पडून गेल्यावर थोड्याच दिवसांत गुलाबी फुलांचा सडा उभा करणारी पावसाळी लिली ही तर ह्या कामासाठीच जन्मास आली असे वाटते. तिचा कंद छोट्या कांद्याएवढा असतो. कोरड्या महिन्यांत पाने वाळून तो जमिनीत पडून राहतो आणि आकाशातून निरोप येताच उठतो.

नागदवण्याची गोष्ट निराळी. त्याची पाने रुंद, बारमाही हिरवी, फुले पांढरी आणि रात्री दरवळणारी. त्याचा खरा गुण सौंदर्यात नाही, चवीत आहे. तो विषारी असल्यामुळे शेळी त्याला तोंड लावीत नाही. गावोगावच्या वृक्षारोपणांचा नाश दुष्काळापेक्षा शेळ्यांनी अधिक केला असेल. तेव्हा हा गुण लहान मानू नये. कळलावीही अशीच विषारी आणि तितकीच देखणी, अग्नीच्या ज्वाळांसारखी. परंतु तिच्या कंदाने माणसाचाही जीव जाऊ शकतो. शाळेच्या आवारात किंवा जेथे लहान मुले खेळतात तेथे तिला स्थान देऊ नये. नागदवणाही मुलांच्या तोंडी जाता कामा नये, एवढे पाहावे.

निशिगंध, म्हणजेच गुलछडी, ही ह्या मंडळींची राणी. मेक्सिकोतून निघून ती भारतात आली आणि येथल्या वेण्यांत, हारांत व देवघरांत अशी शिरली की तिला तिचे जन्मगाव कोणी विचारीत नाही. एरवी बागायतदार तिचे कंद चैत्र-वैशाखात पाण्यावर लावतात. पाणी नसेल तेथे मृगाच्या पावसापर्यंत थांबावे. सुपारीहून थोडा मोठा कंद निवडून दोन इंच खोल पुरला, तर सुमारे तीन महिन्यांत दांडा येतो. म्हणजे ज्येष्ठात लावलेली गुलछडी गणपती-नवरात्राच्या सुमारास फुलते. गावाला फुले विकत आणावी लागतात त्याच दिवसांत ती वेशीवर उभी असते. मात्र जुलै-ऑगस्टात ह्या जिल्ह्यात पाऊस पुष्कळदा दडी मारतो. त्या वेळी तिला दोन-चार पाणी द्यावी लागतात, हे आधीच समजून असावे.

आता मुख्य आक्षेप. ज्या भागातील वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे फुले लावणे हा चैनीचा प्रकार नव्हे काय? टेंभुर्णीपासून जवळच भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याने ह्या टापूत ऊस आला, कारखाने आले. तरीही पाणी सर्वांना सारखे पोचले नाही, आणि अवर्षणाच्या वर्षी धरण तळाला जाते तेव्हा लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचेही डोळे आभाळाकडे लागतात. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून ह्या गावांतून आहेत. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईसमोर कोणी हिरवळीवर नळी सोडून बसला, तर तिने त्याला चार शब्द सुनवावेत. तिचा तो हक्क आहे. शोभेच्या हिरवळीच्या बाबतीत हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, आणि महामार्गाच्या कडेच्या कित्येक हॉटेलांपुढे अशी हिरवळ भर वैशाखात भिजत असते, हेही खरे आहे.

कंदाच्या बाबतीत तो लागू पडत नाही. ज्या चार महिन्यांत पाण्याची चणचण असते नेमक्या त्याच महिन्यांत ह्यांतल्या बहुतेकांना पाणी नको असते. दिले तर उलट अपाय होतो. निजलेला कंद ओल्या चिकणमातीत कुजतो. कंद म्हणजे तरी काय? सुगीच्या दिवसांत पानांनी कमावलेले अन्न आणि पाणी पापुद्र्या-पापुद्र्यांत साठवून जमिनीखाली लपवून ठेवलेली शिल्लक. पूर्वी ह्या जिल्ह्यात ज्वारी पेवात ठेवीत, ती ह्याच शहाणपणाने. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा येथे घरोघर ठाऊक आहे. तिचा सगळा भार साठविलेल्या धान्यावरच तर आहे.

कंदाशी ह्या मातीचे नाते आणखी एका ठिकाणी जुळते. माढा तालुक्यातच अरण हे गाव आहे, आणि ते संत सावता माळी ह्यांचे. तेराव्या शतकातील ह्या माळ्याने मळा सोडून पंढरीला जाण्याची गरज मानली नाही. विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, अशी श्रद्धा आहे, आणि त्यांच्या पुण्यतिथीला आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते. त्यांच्या अभंगांत कांदा आहे, मुळा आहे, लसूण आहे. गुलाब-मोगऱ्याची महती गाणारे कवी पुष्कळ झाले. मातीखाली वाढणाऱ्या ह्या ओबडधोबड वस्तूंत ज्याला देव दिसला असा माळी ह्याच तालुक्यात झाला. आणि शास्त्रदृष्ट्या पाहिले तर नागदवणा, पावसाळी लिली, डॅफोडिल आणि कांदा-लसूण ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत.

कामाची रीत अवघड नाही, तरी चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. पहिली चूक जमिनीची. रस्त्याकाठची जमीन बहुधा भराव घातलेली, दगडविटांनी भरलेली असते, किंवा मग पाणी धरून ठेवणारी काळी असते. काळ्या जमिनीत कंद नुसते पुरले तर परतीच्या पावसात ते सडतात. तेथे वीतभर उंचीचा गादीवाफा करावा आणि मातीत वाळू किंवा बारीक मुरूम व चांगले मुरलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घातले की हुमणी लागते. दोन कंदांत वीतभर अंतर ठेवले तर पाचशे कंदांना तीसएक चौरस मीटर जागा पुरते; एस.टी. स्थानकाच्या कुंपणालगतची एक पट्टीसुद्धा तेवढी असते. हातपंपाच्या किंवा सार्वजनिक नळाच्या सांडपाण्याचा ओघळ जेथे जातो तेथे कंद लावू नयेत. तेथे कर्दळ लावावी. तिला चिखल मानवतो, आणि असले घाण पाणी ती काही अंशी निवळूनही देते.

दुसरी चूक माणसांची. लावणीच्या दिवशी पन्नास माणसे जमतात, नारळ फुटतो, छायाचित्रे निघतात. तेथे कुदळ धरणाऱ्यांपेक्षा कुदळीला हात लावून उभे राहणारेच अधिक असतात. त्याबद्दल फार कुरकुर करू नये. तेवढ्या गर्दीत चारपाच माणसे तरी खरीखुरी निघतात आणि पुढचे काम तीच करतात. गाडगेबाबा यात्रेच्या गावी खराटा घेऊन झाडू लागत तेव्हा प्रथम कोणी साथीला नसे. मग पाहणाऱ्यांतले काही लाजून पुढे होत. स्वयंसेवा ही अशीच वाढते. तिला वर्गणीदार मंडळापेक्षा लाज बाळगणारी माणसे अधिक लागतात.

सर्वांत मोठे संकट येते ते पहिल्या उन्हाळ्यात. पाने पिवळी पडतात, वाळतात आणि नाहीशी होतात. वाफा ओसाड दिसू लागतो. “लावलेले सगळे मेले,” असे गावात बोलले जाऊ लागते आणि लावणाऱ्यांची तोंडे उतरतात. मग त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत कोणी फलकाचा खांब रोवतो, कोणी खडी ओततो. किंवा स्वच्छतेचे काम करणारा कामगार, ज्याला कोणीच काही सांगितलेले नसते, तो प्रामाणिकपणे सगळे खणून साफ करतो. दोष त्याचा नसतो. ज्यांनी नारळ फोडला त्यांनी त्याला बोलावले नव्हते. वास्तविक त्या समारंभाला पहिले निमंत्रण त्यालाच असावयास हवे, कारण बाकीचे घरी गेल्यावर ती जागा रोज बघणारा तो एकटाच. वाफ्याच्या कडेला चुना लावलेले दगड मांडावेत आणि खाली काय निजले आहे ते एका पाटीवर ठळक अक्षरांत लिहावे. पिवळी पडू लागलेली पाने टापटिपीच्या हौसेने कापू नयेत. तीच पाने शेवटपर्यंत कंदात अन्न भरीत असतात. ती अकाली छाटली तर पुढच्या वर्षी फूल येत नाही.

तीन वर्षांनी वाफा दाट होतो. एका कंदाच्या भोवती पिल्ले सुटतात आणि गर्दीमुळे फुले लहान होऊ लागतात. अशा वेळी कंद खणून काढावे, पिल्ले वेगळी करावी, गुलछडीचे कंद महिनाभर सावलीत सुकू द्यावे आणि पुन्हा लावावे. ह्या वेळी हाती जे जादा कंद उरतात, त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न आनंदाचा असतो. ते अकलूजच्या वाटेवरच्या वस्तीला जातील, शेजारच्या शाळेत जातील, एखाद्या सासुरवाशिणीच्या पिशवीतून कुर्डुवाडीकडे जातील. हॉलंडच्या व्यापाऱ्याने न्यूयॉर्कला जी भेट पाठविली तिच्यासाठी जहाज लागले. येथे जुन्या गोणपाटाचा तुकडा पुरे होतो.

आणि मग एखाद्या वर्षी वैशाखाच्या अखेरीस दुपारनंतर पश्चिमेकडे ढग चढतात, धुळीचे लोट उठतात, टपऱ्यांवरचे पत्रे खडखडतात आणि अर्धा तास वळीव कोसळतो. माणसे स्थानकाच्या छपराखाली दाटीने उभी राहतात. चारसहा दिवसांनी त्याच स्थानकावर पंढरपूरची गाडी चुकलेला कोणी प्रवासी कंटाळून इकडे तिकडे बघतो, तो कुंपणाच्या कडेला, चुन्याच्या दगडांच्या आत, कालपर्यंत जेथे नुसती माती होती तेथे गुलाबी फुलांची रांग उभी असते. तो शेजारच्या चहावाल्याला विचारतो, “ही कोणी लावली?” चहावाला गाळणे झटकीत म्हणतो, “गावातल्याच पोरांनी. तीन वर्षं झाली. मधे आम्हाला वाटलं, गेली.”